सन्मानपत्राच्या भाषेतला अर्ज

वाळूजच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसखाली एका सहकाऱ्याच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. त्याच्या भरपाईचा अर्ज युनियनतर्फे मी लिहिला आणि त्यात त्याची स्तुती केली. त्या स्तुतीमुळं त्याची भरपाई दोन वर्षं अडकली.

मी युनियनचा चिटणीस झालो तो काही लढाऊ बाण्यामुळं नाही. माझं अक्षर बरं होतं. आमच्याकडं कुणी निवृत्त झालं की शाल, नारळ आणि माझ्या हातचं सन्मानपत्र असा रिवाज होता. एका वॉचमनला मी 'डोळ्यांत तेल घालून जागणारा पहारेकरी' असं लिहून दिलं होतं. ड्युटीवर झोपल्याबद्दल त्याला दोनदा मेमो मिळालेले, हे मला कार्यक्रमातल्या हशावरून कळलं. तरी लोक मलाच लिहायला सांगत, आणि त्यामुळं मी स्वतःला लेखक समजत असे.

बोटं गेली तो सहकारी फुलंब्रीहून रोज बसनं यायचा. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. सकाळी आमच्या प्रेसच्या खात्यात शिरला की दोन्ही हात जोडून 'जय भीम दादा' म्हणायचा आणि माझ्या शेजारच्या मशीनवर उभा राहायचा.

आमच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे ती मारताना हात आत असायचा प्रश्नच नको. कागदावर झकास. पण तसं काम केलं तर ठरलेले नग पाळीत निघत नसत. म्हणून जो तो एका बटणात काहीतरी खुपसून ते दाबलेलं ठेवायचा आणि मोकळ्या हातानं माल सरकवायचा. सुपरवायझर येता-जाता बघायचा. वरचे साहेब पाहुण्यांना घेऊन येणार असले की तोच पुढं येऊन सांगायचा, काढा रे ते. पाहुणे गेले की पुन्हा घाला, हेही तोच सांगायचा.

अपघात पहिल्या पाळीत झाला, चहाच्या जरा आधी. प्रेसनं एकदा मारलं, आणि तो डाव्या हातानं नग काढत असताना, उजवा बटणावरच राहिल्यामुळं, दुसऱ्यांदा मारलं. तो ओरडला नाही. माझ्याकडं वळून म्हणाला, "दादा, बघा बरं, काय झालं." जणू मशीनमध्ये काही बिघाड झाला होता आणि मी तो बघून सांगणार होतो.

त्याला गाडीत घालून नेलं. सगळे गाडीमागं फाटकापर्यंत गेले आणि मी एकटा त्याच्या मशीनपाशी उरलो. बटणात अडकवलेला रबराचा तुकडा मी काढला आणि खिशात टाकला. त्याच्यावर बालंट नको, असं तेव्हा मनाशी म्हणालो. तुकडा निळा होता, स्लिपरच्या टाचेचा. स्लिपर माझी होती. तो नवा आला तेव्हा मीच ती कापून त्याला तुकडा दिला होता, आणि कुठल्या बटणात कसा बसवायचा तेही मोठ्या ऐटीत शिकवलं होतं.

आमचे पगार सरकारी विम्याच्या मर्यादेच्या वर गेलेले, म्हणून त्याची भरपाई कंपनीकडूनच मागायची होती. अर्ज लिहायला मी बसलो. हात सन्मानपत्राच्याच वळणानं चालला. मी लिहिलं, 'उत्पादनात खंड पडू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या जिवाची पर्वा केली नाही. सुरक्षेची व्यवस्था स्वेच्छेनं बाजूला सारून त्यांनी कर्तव्याला अग्रस्थान दिलं.' कमिटीत वाचून दाखवलं. सगळे वा म्हणाले. अर्ज गेला.

कंपनीच्या उत्तरात माझं वाक्य जसंच्या तसं होतं, खाली रेघ मारलेलं. माझं लेखन कुणी उद्धृत करण्याची ती पहिलीच वेळ. युनियनच्या वकीलबाईंनी दोन्ही कागद समोर ठेवले आणि शांतपणे समजावलं. सुरक्षेचं साधन कामगारानं जाणूनबुजून निकामी केलं असं ठरलं, तर अशा दुखापतीत मालकाला भरपाई न देण्याची वाट मिळते. ती वाट मी स्वतः झाडून, सडा घालून दिली होती. आता एकच उपाय होता. हे रोजचंच होतं आणि कंपनीला माहीत होतं, असं कुणीतरी शपथेवर सांगायला हवं.

मग त्यांनी माझ्यासोबत आलेल्या त्याला विचारलं, हे तुला शिकवलं कुणी?

"कुणी नाय," तो फरशीकडं बघत म्हणाला. "माझं मीच."

मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. पेनाचं टोपण काढत होतो, लावत होतो.

त्यानंतरची दोन वर्षं मी कुणाच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं नाही, हातांकडं बघितलं. न्हाव्याचे, कंडक्टरचे, लग्नाच्या फोटोतल्या नवरदेवाचे. बोटं मोजून होईपर्यंत मला चैन पडायचं नाही. गुलमंडीत एखाद्या दुकानाचं शटर खाली आलं की मी माझा डावा हात छातीशी धरायचो. बायको म्हणायची, छातीत दुखतंय का, दाखवून घ्या. खरा छळ स्लिपरांचा. निळी स्लिपर कुठं नसते? कुणाच्याही दारात चपलांची रांग दिसली की त्यात एक निळी असायची, आणि मी वाकून तिची टाच शाबूत आहे का ते बघायचो. एका घरी यजमानांना वाटलं, मी चांगली जोडी हेरतोय. त्यांनी नम्रपणे सगळ्या चपला आत नेल्या.

तुकडा मी पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. एकदा खाम नदीच्या पुलावर टाकायला नेला. कठड्याशी उभा राहिलो. मूठ उघडेना. कुणीतरी मोटारसायकल थांबवून विचारलं, काका, घरी सगळं ठीक आहे ना? मी हो म्हणालो आणि तुकडा घेऊन परत आलो.

तो घरी बसून होता. कंपनी त्याला कामावर घेत नव्हती. भरपाई मिळाली तर गावात पिठाची गिरणी टाकायची, एवढं नवरा-बायकोनं ठरवलं होतं. नाही मिळाली तर काय, हे ठरवलं नव्हतं. प्रत्येक तारखेला दोघं कोर्टाच्या बाकावर येऊन बसत. हात रुमालात गुंडाळलेला. ती माझ्याशी बोलत नसे. मला वाटायचं, थोरल्या माणसाचा मान राखते.

साक्ष देतो म्हणणारे कमिटीतले दोघं ऐनवेळी गळाले. एकाला कंबरदुखी झाली, एकाला सिल्लोडला सोयरिकीचं काम निघालं. साक्षीदार आणायला शेवटची तारीख मिळाली. त्या दिवशी तो मला कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीवर घेऊन गेला.

"दादा, सगळेच घालत होते, एवढंच सांगा," तो म्हणाला. "बाकीचं सांगू नका. तुमची नोकरी हाय."

बाकीचं म्हणजे काय, ते आमच्यात पहिल्यांदाच निघालं, आणि तेही मला वाचवण्यासाठी.

पुढच्या तारखेला मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि सवयीनं सुरुवात केली, 'औद्योगिक क्षेत्रात कामगार हा'. न्यायाधीश म्हणाले, भाषण नको, विचारलं तेवढं सांगा. कंपनीच्या वकिलानं विचारलं, सुपरवायझरला ठाऊक होतं हे तुम्ही कशावरून म्हणता? मी खिशातून तुकडा काढून समोर ठेवला. सांगितलं, हा माझ्या स्लिपरचा आहे. मीच कापून दिला, मीच शिकवलं. देताना सुपरवायझर शेजारी उभे होते. ते म्हणाले होते, जरा जाड काप, पातळ निसटतो.

तुकडा त्यांनी कागदांबरोबर ठेवून घेतला. मला वाटलं होतं, आता निळ्या स्लिपरा दिसायच्या थांबतील. नाही थांबल्या.

मला कंपनीकडून चार्जशीट मिळालं, त्याची चौकशी अजून चालू आहे. निकाल मात्र त्याच्या बाजूनं लागला. त्या रविवारी मी पेढे घेऊन फुलंब्रीला गेलो. दारातल्या चपला न बघता आत शिरलो, खाटेवर बसलो, आणि रस्ताभर मनात घोळवलेली माफी मागितली. ती बरीच लांब झाली. कर्तव्य, पश्चात्ताप, बंधुभाव, सगळं त्यात आलं. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "जाऊ द्या दादा."

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तिनं तो माझ्यापुढं ठेवला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"हात ह्यांचा गेला व्हता, भाऊजी. तुमची जीभ तर जाग्यावरच व्हती."