ताईंच्या नाटकातली कोरी जागा

ताईंच्या हस्तलिखितात एका पानावर अर्धी जागा कोरी होती आणि मी ती काढून टाकली. वर गाण्याच्या दोन ओळी, खाली दोन ओळी, मध्ये काहीच नाही, समासात पेन्सिलीची एक उभी रेघ. मी खालच्या ओळी वर घेतल्या आणि अर्धं पान वाचवलं म्हणून खूशही झालो.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, मोरिवली गावाला चिकटून असलेल्या एका रंगाच्या कारखान्यात मी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं. रिकामा रॅक दिसला की माझे हात शिवशिवतात. त्याच कारखान्याच्या हौशी नाटकांत मी प्रॉम्प्टर होतो. इच्छा नट व्हायची होती, पण दिग्दर्शकाने माझी एकच तालीम पाहिली, हातात पुस्तक दिलं आणि विंगेत पाठवलं. तिथे मात्र माझं नाव झालं. मी असताना एकही नट कधी अडकला नाही. तुम्ही श्वास घ्यायलासुद्धा देत नाही अशी दोघातिघांची तक्रार होती, ती मी कौतुक समजून खिशात घातली.

घरीही तेच. बायको "आज भाजीला..." म्हणून थांबली की मी "भेंडी" म्हणतो.

"अहो," ती म्हणते, "मला काय म्हणायचंय ते आधी मला तरी कळू द्या!"

ताई बदलापूरला आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. साठी कधीच ओलांडली. तरुणपणापासून नाटकात. आधी नायिकेची मैत्रीण, मग नायिकेची वहिनी, मग नायिकेची आई. आई गाणारी हवी असली की ताई ठरलेल्याच. आठ वर्षांपूर्वी एका चालू नाटकात, गाण्याच्या ऐन मध्यावर, त्यांना पुढची ओळ आठवेना. विंगेतला प्रॉम्प्टर नेमका चहाला गेलेला. ताई उभ्याच राहिल्या. शेवटी पडदा पाडावा लागला. पुढच्या प्रयोगाला त्यांच्या जागी दुसरी बाई होती, आणि 'त्या विसरतात हो' हे तीन शब्द त्यांच्या आधी प्रत्येक तालमीच्या हॉलमध्ये पोचू लागले. त्यानंतर त्यांना एका मालिकेत आजी मिळाली. ती आजी पलंगावर पडून असायची आणि सणासुदीला हात तेवढा वर करायची.

मग ताईंनी स्वतःच स्वतःचं नाटक लिहिलं. एकटीने करायचं, मैत्रिणीपासून पलंगावरच्या आजीपर्यंत सगळं, आणि जागोजागी गाणी. चाली त्यांच्याच. साथीला बदलापूरच्या एका शाळेतून निवृत्त झालेले पेटीमास्तर.

मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच जिना उतरून गेलो. "ताई, विंगेत मी आहे. तुम्ही बिनधास्त."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उभे राहा, भाऊ. पण नुसते उभे राहा."

मला वाटलं, संकोच असेल.

पहिला प्रयोग अंबरनाथच्या एका शाळेच्या सभागृहात ठरला. तो बघायला उल्हासनगर कॅम्प चारचा एक कंत्राटदार येणार होता. माणूस सिंधी, साउंड आणि खुर्च्यांचा धंदा. पण तिन्ही गावांतली महिला मंडळं आणि उत्सवांची मंडळं कार्यक्रमही त्यालाच विचारून ठरवतात. त्याला पटलं तर नाटक चालणार, नाही तर पहिला प्रयोग तोच शेवटचा. तालमीत एकदा ताई म्हणाल्या, "त्याला माझं गाणं नाही बघायचं, भाऊ. मी उभी राहते की पडते, तेवढंच बघायचंय."

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच तर मी मदतीचा सपाटा लावला.

ताईंचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. माझे डोळे आता मुंग्यांच्या लायकीचे राहिलेले नाहीत. तेव्हा संहिता मोठ्या टायपात काढून घ्यावी म्हणून प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी ती बगलेत मारून कॅम्प चारला निघालो.

"आज थांबा, भाऊ," ताई म्हणाल्या, "आज तिसरं गाणं मी पहिल्यांदा सगळं करणार आहे."

"तुमच्यासाठीच जातोय, ताई," मी म्हणालो. हौतात्म्याची झाक आवाजात आली असावी.

टायपिंगवाला पोरगा नीट होता. त्या पानाशी थांबून त्याने विचारलंसुद्धा, "अंकल, ये जगह खाली रखने का?"

"अरे, वर घे वर. राहिलेलं कडवं लिहायला ठेवली असेल. आता कुठलं लिहितात त्या?" मी म्हणालो. वर स्पायरल बाइंडिंगही करून घेतलं.

रविवारी दुपारी साडेचारला प्रयोग. सभागृह बऱ्यापैकी भरलेलं. पहिल्या रांगेत सोसायटीच्या बायका, तिसऱ्या रांगेत पांढऱ्या सफारीतला कंत्राटदार. विंगेतल्या माइकवरून मी भारदस्त आवाजात घोषणा केली, मोबाइल बंद ठेवा, लहान मुलांना सांभाळा वगैरे. मग माइक स्टुलावर ठेवला. बंद केला नाही.

ताई आल्या आणि पाच मिनिटांत वीस वर्षांच्या झाल्या. नायिकेची मैत्रीण म्हणून तीन नाटकांत तीच छत्री कशी वापरली, हे त्यांनी सांगितलं आणि लोक हसून खुर्चीत आडवे झाले. मीही हसत होतो, पण बोट ओळीवर होतं. मग तिसरं गाणं आलं. आठ वर्षांपूर्वी त्या अडकल्या तो प्रसंग त्यात होता. गाणं मात्र त्यांनी नवं रचलेलं.

*उंबऱ्यावरती सांज थांबली, आत येईना बाई,*
*किती बोलवू, किती विनवू, तिला उमज ना काही...*

आणि ताई थांबल्या.

मी पुस्तकात पाहिलं. पुढची ओळ तिथेच होती, ठसठशीत, मोठ्या टायपात. मी हळूच म्हणालो, "पदर खोचुनी..."

माझं हळू माइकमधून अख्ख्या सभागृहात घुमलं. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी पटकन आपापले पदर सावरले.

ताई हलल्या नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. "पदर खोचुनी उभी राहिले, ताई!"

तरी गप्प. मागून कुणीतरी फिस्स केलं. पेटीमास्तर माझ्याकडे असे बघत होते, जणू त्यांना हातात पेटीऐवजी दगड हवा होता. पण घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याची नजर वाचता येत नाही. तिसऱ्यांदा मी चालीवर म्हणून दाखवलं. माझा आवाज कसा आहे हे त्या दिवशी अंबरनाथला कळलं.

ताईंनी डोळे मिटले, उघडले आणि तीच ओळ गाऊन पुढे गेल्या. गाणं संपल्यावर त्या लोकांना म्हणाल्या, "त्या दिवशी मला ओळ द्यायला कुणीच नव्हतं. जेवढा वेळ मी तशी उभी होते, तेवढाच वेळ आज तुम्हाला माझ्यासोबत उभं करायचं होतं. बस, तेवढंच." लोकांना ते कळलं नाही. मला कळलं. माझ्या हातातलं पुस्तक एकदम जड झालं.

पुढचा अर्धा तास मी माइक बंद करून, तोंडावर रुमाल धरून उभा होतो.

टाळ्या चांगल्या झाल्या. मेकअपच्या खोलीत ताई खोबरेल लावून चेहरा पुसत होत्या, तेवढ्यात कंत्राटदार आला.

"दीदी, गाना एक नंबर. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं." मग त्याने आवाज खाली घेतला. "पण आतून आवाज आला. तीन बार. मी ऐकलं होतं तुमच्याबद्दल, भूलते म्हणून. मला वाटलं, लोक झूट बोलतात."

ताई गालावरून कापूस फिरवत राहिल्या. एका शब्दाने सांगू शकल्या असत्या. पण त्या जुन्या वळणाच्या. आपल्या मेळ्यातल्या माणसाला परक्यासमोर उघडं पाडायचं नाही.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "त्या विसरल्याच नव्हत्या. मीच मध्ये बोललो."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सिंधी अदबीने मला साईं म्हणाला. "साईं, असा माणूस पाहिजे पाठीमागे. सगळं स्वतःवर घेतो."

"अहो, घेत नाहीये, आहेच!"

"देखा दीदी? किती इज्जत करतात तुमची."

मी जितकं खरं सांगत होतो, तितका मी थोर ठरत होतो, आणि तितक्याच ताई त्याच्या हिशेबात विसरभोळ्या होत होत्या. जन्मात पहिल्यांदा मी चूक कबूल करत होतो, आणि ती कुणी ऐकून घेत नव्हतं.

शेवटी कोपऱ्यात पेटी आवरत बसलेले पेटीमास्तर उठले. त्यांच्याकडे ताईंच्या अक्षरातल्या पानांची झेरॉक्स होती. ते पान त्यांनी कंत्राटदारासमोर धरलं आणि माझ्या हातातून स्पायरलवालं पुस्तक ओढून शेजारी उघडलं.

कंत्राटदाराने चष्मा चढवला. "इथं तर काहीच लिहिलेलं नाही."

"तेच लिहिलंय," मास्तर म्हणाले. "काही बोलायचं नाही, असं. ह्या शहाण्याने ते पुसलं."

कंत्राटदाराने दोन्ही पानं आलटून पालटून पाहिली. माझ्याविषयीचा त्याचा आदर खाली येताना मला दिसला, आणि खरंच बरं वाटलं. पण तो धंद्यातला माणूस. "समजलं. पण मंडळवाले मला विचारणार. त्यांना काय हा कागद दाखवू?"

ताईंनी कापूस खाली ठेवला. अर्धा चेहरा रंगाचा, अर्धा त्यांचा. "बसा," त्या म्हणाल्या.

तो लोखंडी पेटाऱ्यावर बसला. मास्तरांनी पेटी ओढली. बाहेर सभागृहात खुर्च्या उचलल्याचे आवाज येत होते. ताईंनी उभ्यानेच त्या दोन ओळी म्हटल्या आणि थांबल्या.

विंगेतून मी त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. माझी नजर पुस्तकात होती. आता समोरून पाहिला. आधी त्यांनी समोर प्रेक्षक आहेत असं धरून हलकंसं हसल्यासारखं केलं, घरी पाहुणे आल्यावर साखर संपल्याचं कळावं तसं. मग नजर बाजूला, विंग असती तिकडे गेली. तिथे कुणी नाही. हाताची बोटं ओळ शोधत असल्यासारखी हवेत थोडी हलली आणि साडीच्या काठाला धरून राहिली. आणखी वेळ गेला. कंत्राटदाराचा फोन वाजला, त्याने न बघताच तो दाबला. माझ्या जिभेवर ती ओळ येऊन बसली होती, धक्के मारत होती. ओळ देणं म्हणजे दया, असं मी इतकी वर्षं मानत आलो. ताईंना दया नको होती. त्यांना तो वेळ परत हवा होता, आणि तो वेळ कुणाच्या तरी डोळ्यांदेखत जायला हवा होता. मी रुमाल दाताखाली धरला. मास्तरांनी सावधगिरी म्हणून पेटीवरचा एक हात काढून माझा दंडही धरला होता.

मग, कुणीही काही न देता, ताईंच्या चेहऱ्यावर ती ओळ आली. आधी डोळ्यांत, मग आवाजात.

*पदर खोचुनी उभी राहिले, मलाही नाही घाई.*

 कंत्राटदाराने वरच्या खिशातून छोटी डायरी काढली. "मोरिवलीत नवरात्राला महिला मंडळ आहे. आमच्या कॅम्प चारला एक करू. हे थांबता ना, एवढंच थांबायचं. कम नाही करायचं." मग माझ्याकडे बोट. "आणि साईं पुस्तक घेऊन उभे नाही राहणार."

"नाही राहणार," मास्तर माझ्या वतीने म्हणाले.

ताई आरशाकडे वळून उरलेला अर्धा चेहरा पुसू लागल्या. आरशात त्या हसत होत्या. मी पुढे झालो.

"ताई, पडदा तरी ओढू का? नाहीतर घोषणा? की नुसताच येऊ, बघायला?"

"बघायला या की, भाऊ," त्या म्हणाल्या. "फक्त तोंड घरी ठेवून या."