उशिरा येणारी थाप

माझ्या बाबांच्या उजव्या हाताला चारच बोटं होती, आणि माझं सगळं वाजवणं त्या नसलेल्या पाचव्या बोटावर उभं आहे हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. इतकी ढ बाई तालवाद्यं घेऊन देशोदेशी फिरते आणि लोक तिच्याकडे शिकायला येतात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आमचं घर कामरगावचं, शेतीचं. मी दोनेक वर्षांची असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात बाबांची अनामिका मुळापासून गेली. त्यामुळे पाच बोटांचे बाबा मला आठवतच नाहीत. तो हात ते कायम सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. लग्नाच्या पंगतीत शेवटी बसायचे, तेही टोकाला, भिंतीकडे तोंड करून. आम्हा भावंडांना वाटायचं, बाबांना गर्दी आवडत नाही.

खिशातून तो हात एकाच कामासाठी राजीखुशीनं बाहेर यायचा. दर गुरुवारी मारुतीच्या देवळात भजन असायचं आणि बाबा खंजेरी वाजवायचे. खंजेरी म्हणजे लाकडी कडं, एका बाजूनं बकऱ्याचं चामडं मढवलेलं, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायची. तिथं देवळातसुद्धा ते खांबाआड बसायचे. बायका आणि पोरी बाहेर ओट्यावर. मला दिसायचं काहीच नाही, ऐकू मात्र सगळं यायचं.

मी त्यांचं वाजवणं असं भिंतीपलीकडून शिकले. घरी येऊन तेलाच्या रिकाम्या पिप्यावर तसंच्या तसं वाजवायचे. त्यांच्या ठेक्यात एक गंमत होती. तीन थापा नीट वेळेवर पडायच्या आणि चौथी जराशी उशिरा यायची. चुकायची नाही, उशिरा यायची, दारात चपला काढून मग आत येणाऱ्या पाहुण्यासारखी. बाबांचे एक जिवलग दोस्त टाळ धरायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते मधेच ओरडायचे, "थांबा रे, बोट येऊ द्या!" मंडळी हसायची आणि सगळे टाळ त्या चौथ्या थापेसाठी थांबायचे. मोठ्या माणसांच्या विनोदांचा अर्थ विचारायची आमच्या घरी पद्धत नव्हती. मीही विचारला नाही.

पिपा पोचे पडून पडून चपटा झाला तेव्हा बाबांनी कारंज्याच्या चाचांकडून मला लहान खंजेरी करून आणली. चाचा पिढीजात वाद्यं मढवणारे. आईनं कपाळाला हात लावला. "पोरीच्या जातीले खंजेरी कायले पाह्यजे?" बाबा म्हणाले, "पिप्याचा आवाज आयकून माहे कान किटले." प्रेमाची एवढीच भाषा त्यांना येत होती. पण हात धरून त्यांनी मला कधी शिकवलं नाही. "बाबा, बोटं कशी ठेवू?" विचारलं की म्हणायचे, "आयक आन वाजव. बोटाचं काय पाहतं?" मी रागावायचे. इतर बाप पोरांना सायकल शिकवतात, आमचा बाप साधा हात दाखवत नाही!

पुढचं सगळं लांबण आहे, थोडक्यात सांगते. वाशीमला कॉलेज केलं, नोकरीच्या नावाखाली पुण्याला गेले आणि नोकरी सोडून एका वाद्यवृंदात शिरले. तिथं एका परदेशी पाहुण्यानं मोरोक्कोचं बेंदीर वाजवून दाखवलं. तेही एक कडं, एक चामडं. मी ते हातात घेतलं आणि मला रडूच आलं. आपल्या घरातली वस्तू परक्याच्या घरी सापडावी तसं झालं. मग कळलं, इराणात दफ आहे, ब्राझीलमध्ये पांदेरो आहे, आयर्लंडमध्येही असंच एक आहे. जिथं बकरी आहे आणि लाकूड आहे, तिथं कुणीतरी कडं मढवून वाजवत बसलेलं आहे. मी त्या सगळ्यांच्या मागे लागले. पंधरा वर्षं वाद्यांची पेटी उचलून फिरले. लग्न राहिलं ते राहिलंच.

आणि जिथं जाईन तिथं लोक मला एकच गोष्ट विचारायचे. ती उशिरा येणारी थाप कुठली? हात तसा कसा थांबतो? मग मी काय करावं? मी तिला 'कामरगाव ठेका' असं नाव दिलं. मंचावर उभी राहून सांगू लागले, ही आमच्या वऱ्हाडातली जुनी चाल आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, शेतकऱ्याच्या चालण्यातून जन्मलेली. हे शेवटचं कुठून सुचलं देव जाणे. लोकांना फार आवडायचं. मलाही खरंच वाटू लागलं.

एकदा एका मोठ्या दालनात मी तीसेक जणांना हा ठेका शिकवला. गोरे, काळे, म्हातारे, तरुण, सगळे जमिनीवर बसून चौथ्या थापेला एकदम थांबत होते आणि एकदम येत होते. कुणीतरी त्याचं चित्रण करून दिलं. मी इतकी हरखले होते की पुढची दोन कामं रद्द करून घरी आले. बाबांनी माझं वाजवणं कधी "चांगलं" म्हटलं नव्हतं. या वेळी म्हणतील, अशी माझी खात्री होती. तेवढ्यासाठीच तर आले होते.

ओसरीत बसून मी मोबाइल त्यांच्या पुढ्यात धरला. त्यांनी पूर्ण पाहिलं, मग म्हणाले, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा पाहताना त्यांनी उजवा हात खिशातून काढला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिले.

"हे तू लोकायले काय म्हनून शिकवून राह्यली?"

"आपला ठेका, बाबा. आपल्याकडचा, जुना."

"जुना नोहे पोरी. हे माह्या बोटाचं हाय." मग त्यांनी मोबाइलच्या काचेवर बोटं ठेवून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा. आधी अंगठा, मग तर्जनी, मग मधलं, मग चौथ्या थापेला अनामिकेची पाळी. ती नाही, म्हणून तर्जनीलाच परत फिरून यावं लागायचं. ती येईपर्यंत उशीर. "मंडळी चाळीस वर्सं हसली मले. आता तुनं साऱ्या जगाले दाखवलं, का तुहा बाप थोटा हाय."

मी काहीबाही बोलले. लोकांना ते किती आवडतं, त्यात किती गोडवा आहे, वगैरे. ते उठले, देवळातून आपली खंजेरी आणली, धान्याच्या खोलीतल्या खुंटीला टांगली आणि शेतात निघून गेले. त्या गुरुवारी भजनाला गेले नाहीत. पुढच्याही नाही. मंडळी ढोलकावर भागवू लागली.

मी कुणाचं वाईट करायला गेले नव्हते, हे मी स्वतःला हजारदा सांगितलं आहे. पण झालं ते झालं. ज्या एका कामासाठी तो हात बाहेर यायचा, तेही मी बंद पाडलं. त्यानंतर मला दुसरं काही नको होतं. बाबांच्या हातात खंजेरी परत जावी, बस.

आधी मी मूर्खासारखी परदेशातून महागडं, वजनाला हलकं, चामड्याऐवजी प्लास्टिकचा, आवाज न उतरणारा पडदा लावलेलं वाद्य आणलं. बाबांनी हातही लावला नाही. आईनं उन्हाळ्यात त्यावर कणकेचे सरगुंडे वाळत घातले. "मस्त सुकते यावर," म्हणाली.

मग मी ती खुंटीवरची खंजेरी गुपचूप पिशवीत घालून कारंज्याला चाचांकडे नेली. चामडं सैल पडलं होतं. चाचा आता फार म्हातारे झाले होते, पण खंजेरी हातात घेताच ओळखली. म्हणाले, "हिचं कडं लहान आहे, पाह्यलं का? तुझ्या बापासाठी मुद्दाम केलं होतं. बोट गेल्यावर मोठ्या कड्यावर त्याचा उजवा हात पुरत नव्हता."

चाचा चामडं भिजवता भिजवता बोलत राहिले.

"सालभर आला तो, बेटी. गावात वाजवायची शरम वाटे म्हणून दर बाजाराच्या दिवशी इथं, या पोत्यावर बसून वाजवे. पहिले तर जखमेतून रगत यायचं. मी म्हणे, अरे सोड ना, टाळ वाजव, देवाले काय फरक पडते? तर म्हणे, चाचा, टाळ कोनीही वाजवते. एक दिवस ती थाप अशी वळून आली. उशिरा आली, पण आली. मी सुई खाली ठेवून दिली. माझ्या दुकानात इतके लोक वाजवून गेले, तशी थाप मी दुसऱ्या कोणाची आयकली नाही."

एस.टी.त बसून मी कामरगावपर्यंत रडले. शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, "कोन गेलं व?" कुणी गेलं नव्हतं अजून. मला वाटलं होतं, आता माझ्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी आहे. घरी पोचताच बाबांसमोर खंजेरी ठेवली आणि चाचांचं बोलणं शब्दन्‌शब्द सांगितलं. बाबांनी नव्या चामड्यावरून अंगठा फिरवला. क्षणभर मला वाटलं, वाजवतात आता.

"चाचाले काय लागते बोलाले," ते म्हणाले. "मढवली चांगली हाय." आणि पुन्हा खुंटीला टांगून आले.

मी त्या वेळी चिडले. "तुमी हट्टी आहात, बाबा," असं तोंडावर बोलले. ते आमचं समोरासमोरचं शेवटचं बोलणं. नंतर फोनवर बोललो, पण ते जेवण, हवा, तूर, एवढंच. हिवाळ्यात एका सकाळी ते अंथरुणातून उठलेच नाहीत. मी तेव्हा दोन विमानांच्या अंतरावर होते. पोचले तेव्हा राखसुद्धा नदीला गेली होती. भाऊ म्हणाला, "थांबता आलं नाई, बाई." मी त्याला दोष देत नाही. पण बाबांचा तो हात मला शेवटचा एकदा हातात घ्यायचा होता. तो कधी घेतलाच नाही मी. त्यांनी घेऊ दिला नाही आणि मीही लहानपणानंतर मागितला नाही.

तेरवीच्या दुपारी मंडळी भजनाला घरी आली. आमच्याकडे मंडळातला माणूस गेला की तेरवीला त्याचं वाद्य घरच्या माणसानं वाजवायचं, असं आहे. घरचा म्हणजे मुलगा, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण तसंच असतं. भावाला ताल येत नाही. काकांनी धान्याच्या खोलीतून खंजेरी आणली, भावाला ओलांडून सरळ माझ्यापुढे धरली. "तूच घे. दुसरं कोन हाय?" बायकांत कुजबुज झाली. आई म्हणाली, "वाजवू द्या तिले." मी मंडळीत जाऊन बसले. वयाच्या पन्नाशीकडे झुकताना त्या गोलात पहिल्यांदा बसले.

बसण्याआधीच मनाशी ठरवलं होतं. आज ती थाप उशिरा येऊ द्यायची नाही. ज्याची त्यांना जन्मभर लाज वाटली ते मी त्यांच्या तेरवीला त्यांच्याच अंगणात वाजवणार नव्हते. मला पाची बोटं आहेत. मी पाची वापरणार होते. चारही थापा स्वच्छ, वेळच्या वेळी, त्यांना हव्या होत्या तशा. देण्यासारखं माझ्याजवळ आता तेवढंच उरलं होतं.

पेटीवाल्यानं बाबांचं नेहमीचं भजन धरलं. मी सुरू केलं. एक, दोन, तीन आणि चौथी, अगदी जागेवर.

टाळ आले नाहीत.

माझी थाप एकटीच पडली. आठ म्हाताऱ्यांचे आठ टाळ हवेत तसेच थांबले होते, आणि मग, जराशा उशिरानं, सगळे एकदम वाजले. मला वाटलं, माझंच चुकलं. दुसऱ्या फेरीत मी चौथी थाप आणखी ठणकावून दिली. पुन्हा तेच. इतकी वर्षं खंजेरी नव्हती, तरी खंजेरी ऐकताच त्यांचे हात आपोआप त्या जागी थांबत होते. कुणी ठरवून करत नव्हतं. कुणाच्या लक्षातही नव्हतं. एकाचे तर डोळे मिटलेले होते.

काका माझ्याकडे झुकले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज नेहमीचाच होता, थट्टेचा.

"घाई कायची करतं व? थांब. बोट येऊ दे."

या वेळी कुणी हसलं नाही. तेव्हा मला कळलं की ही माणसं बाबांना कधी हसलीच नव्हती. ती त्यांच्यासाठी थांबत होती. हे बाबांना सांगायला मी वळले, ते खांबाआड जिथं बसायचे तिकडे. मग आठवलं, हे देऊळ नाही, आमचं अंगण आहे, आणि सांगायला कुणी नाही.

तिसरी फेरी आली. मी अनामिका आत दुमडली, तळहाताशी घट्ट धरली आणि तर्जनी परत येईपर्यंत थांबले.