विजेची पेटी आणि कांतीशेठ

कांतीशेठ कुठेही वाजवायला आला की आधी माझे सगळे भोंगे बंद करायला लावायचा. लोक जमलेले, पुढच्या खुर्च्या भरलेल्या, मी ॲम्प्लिफायरच्या बटणावर हात ठेवून तयार, आणि हा मांडवाच्या मधोमध डोळे मिटून उभा. "थांब रं भाऊ. आधी गावाचा आवाज ऐकू दे, मंग त्यात आपला घालू." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, गडी गांजा ओढून आलाय. पण जैनाच्या घरचा मुलगा, दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात न घालणारा. तो कुठला गांजा ओढतोय!

पिंपळवंडीत माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. कांतीलाल नारायणगावच्या कापड दुकानातला. त्याचे आजोबा राजस्थानातून आले होते. पण कांती भांडायचा आमच्यासारखा, हसायचा आमच्यासारखा आणि शिव्या द्यायची वेळ आली की मात्र गप्प बसायचा. नव्वदच्या दशकात, ऐन पंचविशीत, त्याने मुंबईहून सिंथेसायझर आणला. त्या नावाने आमच्याकडे त्या यंत्राला कुणीच हाक मारली नाही. हार्मोनियम ती पेटी, म्हणून ही विजेची पेटी.

तसली पेटी आणणारे दुसरेही होते. ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवून सुखात होते. कांतीने एकही सिनेमाचं गाणं कधी वाजवलं नाही. "ते वाजवायला लई मानसं हायेत, राव. हे वाजवायला मी एकटाच हाय." 'हे' म्हणजे काय, तर येडगावच्या धरणातून सुटलेलं पाणी, गुऱ्हाळाचा चरक, भीमाशंकरच्या वाटेवर चढणीला दमलेली एसटी. हे आवाज तो टेपवर घ्यायचा, पेटीत भरायचा, आणि मग पेटीच्या एका पट्टीवर बोट ठेवलं की तो आवाज निघायचा. त्याच्याभोवती तो स्वतःच्या चाली बांधायचा. खरं सांगतो, त्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरून जायचं. पण एकदा त्याने माझ्या जनरेटरचा आवाज घेऊन त्यावर असं काही लावलं की मला माझ्याच जनरेटरची दया आली.

ऐकायला मात्र कुणी थांबत नसे. एका साखरपुड्यात तो चांगला अर्धा तास जीव तोडून वाजवत होता, तेव्हा मुलीचा मामा स्टेजजवळ आला आणि हात जोडून म्हणाला, "पावणं, सुरू कवा करनार?" कांती हसला. "आमी कवाच सुरू केलंय, मामा. आता तुमी ऐकायला सुरू करा."

पुढे त्याने स्वतःच कॅसेट काढल्या, नंतर सीडी काढल्या, कुठल्या कंपनीच्या दारात गेला नाही. पुण्यात, मुंबईत लोक खास त्याला ऐकायला येऊ लागले. नीट चाललं असतानाच एका सकाळी दुकानाचं शटर उघडताना त्याच्या हृदयाने दगा दिला. लोक त्याच्याबद्दल लिहितात तेव्हा हे सगळं लिहितात. पण हे काहीच झालं नसतं, असा एक प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो सांगतो.

त्याचे वडील मोतीलालशेठ शांत माणूस, पण शब्दाचे पक्के. त्यांनी एका उन्हाळ्यात निर्वाणीचं सांगितलं, "औंदाच्या जत्रंत लोकांनी ऐकलं तर वाजव जल्मभर. न्हाई ऐकलं तर पेटी द्यायची कुनालातरी आन दुकानात बसायचं." कांती कबूल झाला. आणि जत्रेत वाजवायला त्याने काय बांधावं? तर घाट! आमच्या भागात जत्रा म्हटली की बैलगाड्यांची शर्यत आली, आणि शर्यतीच्या त्या चढाला आम्ही घाट म्हणतो. मोतीलालशेठ आयुष्यात घाटावर गेले नव्हते. मुक्या जनावराला पळवायचं हे त्यांना पापच वाटे. पोराने घाटावर चाल बांधली हे त्यांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्या जनावरांना तुझ्यापाई तरास व्हता कामा न्हाई."

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं मला अजून चहा पाजतात. दुपारी बाऱ्या, म्हणजे गाड्यांच्या पाळ्या, थांबल्या, बैल आंब्याखाली सावलीला नेले, आणि कमिटीने कांतीला वेळ दिला. त्याने तीनतीनदा विचारलं, "बैल गाड्याचे सोडलेत ना?" सगळे सोडलेत, असं कमिटीने छातीठोक सांगितलं. सांगणारा खोटं बोलत नव्हता. पण आमच्याकडे नवीन खोंडांना 'घाट दाखवायची' पद्धत आहे. बाऱ्या थांबल्या की त्यांना रिकाम्या गाड्याला जुंपायचं आणि चढाची ओळख करून द्यायची, म्हणजे ऐन वेळी बुजत नाहीत. तुकातात्या म्हणून जुंपण्यात हात बसलेला एक म्हातारा आपली दोन खोंडं घेऊन खाली उतरला होता. आम्ही वर, स्टेजवर. आम्हाला तो दिसत नव्हता.

कांतीने सुरुवात केली ती हलगीने. मग सनई. लोक जेवायला पांगत होते ते वळले. चाल चढत गेली, माणसं जवळ आली, आणि माझ्या अंगावर काटा आला. आता हा जिंकला, असं मला वाटलं. मग त्याने ती पट्टी दाबली. शर्यतीत झेंडा पडला की पुकारणारा 'भिर्रर्र' म्हणून जी आरोळी ठोकतो, ती त्याने पेटीत भरून ठेवली होती. माझ्या आठ भोंग्यांतून ती सुटली.

खालून धूळ उठली. ती आरोळी ऐकून तात्याची खोंडं गाड्यासकट सुटली होती. घाटाच्या मधोमध बायका भाकरी सोडून बसलेल्या, पोरं खेळणारी, बर्फाचा गोळावाला गाडी ढकलत चाललेला. पुकारणारा माइकवर नरडं फाटेस्तोवर ओरडत होता, "बाजूला! बाजूला व्हा!" बायकांनी पोरं ओढली, गोळावाला गाडी टाकून पळाला. गाडा त्यांच्यामधून गेला आणि वर जाऊन कोसळला. माणसं वाचली. पण खाली तुकातात्या पडून होता, चाक त्याच्या पायावरून गेलेलं. पाखऱ्या नावाचं एक खोंड गुडघे फुटून उठायला बघत होतं आणि उठता येत नव्हतं.

लोक स्टेजवर चढले. कुणीतरी पेटीला हात घातला. मी आडवा आलो, शर्ट फाटला. कांती तिथे नव्हताच. तो पाखऱ्याजवळ बसला होता, स्वतःच्या उपरण्याने त्याचं रक्त पुसत.

मोतीलालशेठ ओरडले नाहीत. त्यांनी पेटी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. कांतीने मौन धरलं. जैनांत असं व्रत असतं, पण याने दिवसांची मुदत ठेवली नाही. पाखऱ्या चालेपर्यंत बोलायचं नाही, असं पाटीवर लिहून दाखवलं. रोज सकाळी तो सायकलवर तात्याच्या गोठ्यात जाई, खोंडाच्या गुडघ्याला हळद-तेल लावी, तात्याला चहा करून देई आणि न बोलता परत येई. तात्या आधी त्याच्याकडे बघायचा नाही. मग बघायला लागला. मग एकटाच बोलायला लागला, कारण समोरचा बोलतच नव्हता.

पाखऱ्या चालला त्या दिवशी मी तिथेच होतो. कांती म्हणाला, "तात्या, चुकलो." तात्या खाटेवरून म्हणाला, "कशापाई? हलक्या आवाजाला हलनारी जात न्हाई ती. तुझं त्यांना खरं वाटलं, म्हनून पळाली. माझा पाय मोडला ते वायलं. पर तू झकास वाजवलं व्हतंस, लेका!"

पुढच्या जत्रेला कमिटी कांतीचं नाव ऐकायला तयार नव्हती. तात्या कुबडी टेकत देवळातल्या बैठकीत गेला. "पाय कुनाचा मोडलाय? माझा. मंग रागवायचा हक बी माझाच हाय. तुमी का तापताय? त्याला वाजवू द्या, आन बैल घाटावरच ऱ्हाऊ द्या. बैलाला चोरून घाटाचं गानं कसलं वाजवायचं!" मोतीलालशेठनी तेवढ्या एका जत्रेपुरतं कुलूप काढून दिलं.

"ती आरोळी काढलीया," कांती मला म्हणाला. "तिथं काय बी न्हाई ठेवलं. नुसतं मोकळं सोडलंय."

मला घाम फुटला. "अरं बाबा, पेटीतनं काढलीस. लोकांच्या घशातनं कशी काढनार?" चाल अशी चढत जायची की तिथे पोचलं की आरोळी आपोआप ओठांवर यायची. समोर अख्खा तालुका बसणार. त्यातल्या चार उनाडांनी जरी तोंड उघडलं, तरी खेळ खलास.

त्या वर्षी कांतीने घाटाचा चढ स्वतः फिरून रिकामा केला. गाडा एकही जुंपू दिला नाही, बैल दाव्याने बांधून ठेवले. तात्या मात्र पाखऱ्याचं दावं हातातच धरून उभा राहिला. पुकारणाऱ्याने माइकवरून एकदा विनवलं, "मंडळी, आरोळी मारू नका." आमच्या घाटावर असं सांगून कोण कधी गप्प बसलंय? दोरीच्या मागे सरका, एवढं सांगताना दर वर्षी त्याचा घसा बसतो.

हलगी झाली. सनई झाली. चाल चढू लागली तसे लोक उठून उभे राहिले. माझा हात मेन स्विचवर होता. भोंगे बंद करून काही उपयोग नव्हता हे कळत होतं, तरी हात तिथेच होता. कांतीने शेवटचा सूर सोडला आणि दोन्ही हात पेटीवरून उचलले.

आणि कुणीही ओरडलं नाही. एवढा मोठा घाट, हजारो माणसं, सगळी तोंड मिटून उभी. समोरच्या एका पैलवानाने तर स्वतःच्या तोंडावर पंजा दाबून धरला होता. खाली बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजत होते, तेवढेच. पाखऱ्याने कान टवकारले, पुढचा एक पाय उचलला. तात्याने त्याच्या मानेवर हात ठेवला. पाखऱ्याने पाय खाली टेकला.

कांतीने पुढचा सूर दाबला. चाल संपली तेव्हा जो गलका झाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. त्या गलक्यात कांती पेटीवर डोकं टेकून हमसून हमसून रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ऐकलं रं त्यांनी, भाऊ," तो म्हणाला. "जिथं मी वाजवलंच न्हाई, तिथं बी ऐकलं." मीही रडलो. लाज कसली त्यात!

सामान टेम्पोत भरायचं सोडून मी तसाच मोटारसायकलवर नारायणगावला गेलो. मोतीलालशेठ दुकानात गादीवर बसले होते. समोर गिऱ्हाईक होतं, तरी ते मला बघून उठले. लोकांनी ऐकलं का, हे त्यांनी विचारलं नाही.

"बैल?" ते म्हणाले.

"एक बी जागचा हलला न्हाई, शेठ."

ते खाली बसले. गिऱ्हाइकापुढे उलगडलेल्या कापडाची उगाच परत घडी घालू लागले. घडी काही जमेना.

"मंग वाजवू दे त्याला," ते म्हणाले.