आबांपासून लपवलेले सात दिवस

“अन्ननलिकेत गाठ आहे. कॅन्सरची,” डॉक्टर बाबांना म्हणाले. मी बाजूलाच उभी होते. दाराबाहेरच्या बाकावर आबा, म्हणजे माझे आजोबा, शेजारच्या पेशंटला त्याचं गाव विचारत बसले होते.

बाहेर येण्याआधी बाबांनी माझा हात धरला. “सालू, आबाले काही सांगू नको. खचून जातीन ते.”

मी मान हलवली. त्याचा पस्तावा अजून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. मी चिखलीला शाळेत शिकवत होते. आबा देऊळघाटला शेती करायचे आणि दर रविवारी आमच्या छोट्या ल्यूथरन ख्रिस्ती देवळात बायबलचं वाचन करायचे. गावात कुणीही आजारी पडलं, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो, की आबा जाऊन त्याच्या खाटेशी बसत. उगाच धीराच्या गोष्टी सांगत नसत.

सुरुवात भाकरीपासून झाली. घास छातीत अडकतो म्हणत ते भाकरी वरणात कुस्करून खाऊ लागले. नंतर नुसतं वरण. नंतर दूध. आम्ही म्हटलं, वय झालं. तुमच्या घरात कुणी असं जेवण बदलत गेलं तर थांबू नका.

अकोल्याला ‘बेरियम स्वॅलो’ केलं. खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध प्यायला देतात आणि ते उतरताना एक्स-रे काढतात. आबांचं औषध मध्येच अडून थेंबाथेंबानं उतरत होतं. गाठीचा तुकडा तपासायला गेला, त्याचाच निकाल डॉक्टरांनी सांगितला होता. गाठ काढायचं ऑपरेशन झेपणार नाही, असंही म्हणाले.

आबांना तिथंच दाखल केलं. पुढचे सात दिवस मी वॉर्डात बसू शकले नाही. व्हरांड्यात येरझारा घालायचे, नळावर जाऊन उगाच भांडी घासायचे. आबांनी हाक मारली की बाबांना पुढे करायचे.

सातव्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, “काऊन वं सालू, माह्याकडे पाहत काऊन नाहीस?”

मी सांगून टाकलं.

ते खाटेवर उठून बसले. मग चिडले. “सात दिवस! मले लहान लेकरू समजले काय तुम्ही? सखारामले पत्र लिही. आत्ता लिही.”

सखाराम त्यांचा धाकटा भाऊ, वरवट बकालला राहणारा. आबांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून त्यानं आमच्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं. मी त्याला एकदाच, लांबून, पाहिलं होतं. पत्र टाकलं, पण तो येईल असं वाटत नव्हतं.

डॉक्टरांनी ‘गॅस्ट्रोस्टॉमी’ केली. पोटाला लहान छिद्र पाडून त्यातून नळी थेट जठरात बसवतात, दूध त्यातून द्यायचं. तिथल्या नर्सबाईंनी मला ते न ओरडता, चार-चारदा शिकवलं. त्यांचे उपकार विसरणार नाही.

आबांना घरी आणलं. रोज दुपारी एस.टी.ची वेळ झाली की ते दाराकडे बघत. मी तर रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचे. पाच दिवस असे गेले.

सहाव्या दिवशी सखारामआजा आला. धोतर, फेटा, अगदी आबांसारखं नाक. उंबऱ्याशी थबकला, मग आत येऊन खाटेवर बसला. नळीतून दूध द्यायची वेळ झाली होती. मी नरसाळं घेतलं, तर त्यानं हात पुढे केला. “मले दे. कसं करतात ते सांग.”

त्यानं नरसाळं उंच धरलं. दूध हळूहळू उतरलं. “दादा, गरम तं नाही ना?”

“नाही बे. बराबर आहे,” आबा म्हणाले. मग म्हणाले, “तू जेवला काय?”

आईनं ताट वाढलं. सखारामआजा आबांच्या खाटेला टेकून जेवला, आणि आबा त्याचा एकेक घास बघत राहिले.

पंधरा दिवसांनी आबा गेले. तोपर्यंत सखारामआजा आमच्याकडेच राहिला आणि रोज तिन्ही वेळचं दूध त्यानंच दिलं.

ज्यांच्या घरी आज असा निकाल आला असेल त्यांना एवढंच सांगते: पेशंटला सांगा. त्याला कुणाला तरी बोलवायचं असेल. आम्ही आणखी पंधरा-वीस दिवस गप्प राहिलो असतो, तर ते ताट आमच्या घरात कधीच वाढलं गेलं नसतं.