मामाच्या पिकअपची उलटी टाकी

माफ करा, लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, आणि परीक्षेच्या पेपरांशिवाय फारसं काही लिहिलेलं नाही. पण ही गोष्ट दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून धीर करतो.

ऐंशीच्या दशकात मामाचं गॅरेज कळमन्याच्या रस्त्यावर होतं. जुन्या पेट्रोल जीपचा मागचा भाग कापून त्यानं पिकअप बनवली होती. एरवी ती संत्री वाहायची, पण दिवाळीनंतर घाटात चढाची शर्यत होती. कॉलेजच्या लायब्ररीत एका अमेरिकन मासिकात मी वाचलं, की नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दवाखान्यात भूल देताना वापरतात तो हसवणारा वायू, इंजिनात सोडला की गाडी उसळी घेते. मी ते मामाला सांगून बसलो. मामानं ओळखीतून टाकी आणली, नळ्या जोडल्या, वायू सोडायला बटण बसवलं आणि गल्लीभर सांगत सुटला, "भाच्याच्या विद्येवर शर्यत जिंकतो!" आता गाडी फसली असती, तर लोक माझ्या शिक्षणाला हसले असते.

आणि गाडी फसतच होती. बटण दाबलं की खोकायची, काळा धूर सोडायची. मामानं प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा धुतला.

"काहून खोकून राहिली गा ही?"

मामी चहा घेऊन आली होती. "हसायचा गॅस आहे ना? तुमच्याकडं पाहून हसून राहिली असन."

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, वायू कमी. मी मासिकातलं चित्र आठवलं. त्यांच्या टाकीत तळापर्यंत एक नळी होती; दाबानं द्रव होऊन तळाशी साचलेला दाट वायू तिच्यातून वर यायचा. आमची टाकी दवाखान्याची, नळी नसलेली. उभी ठेवली की वरचा विरळ वायूच बाहेर येणार! पण बोलू कसं? दसऱ्याला मामीनं त्या टाकीची पूजा करून कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं.

"मामा... टाकी उलटी करा लागन. तोंड खाली."

"पूजेची टाकी? देवाले शीर्षासन करवतं काय गा, इंजिनियर?"

मामीच पुढे झाली आणि ओल्या फडक्यानं स्वस्तिक पुसलं. "करा उलटी. मंग मी स्वस्तिक सरळ काढून देते."

या वेळी बटण दाबताच पिकअप अशी उसळली, की मागचे रिकामे खोके रस्त्यावर पडले. मामा आतूनच ओरडला, "हाणलं गा भाच्या!" मी खोके गोळा करायचे सोडून नाचत होतो.

शर्यतीच्या दिवशी माझा गणिताचा पेपर होता, म्हणून मामा एकटाच घाटात गेला. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी मामाचा पत्ता नव्हता. मामी आणि मी गॅरेजच्या दारात बसून राहिलो. शेवटी घाटाकडून आलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"भाचा तूच काय गा? पिकअप पहिली आली! मामा मागून येऊन राहिला. टाकीले हार घातला ना, तो उडू नये म्हणून बैलगाडीसारखा चालवून राहिला."