निकाल लागेपर्यंत काठी

मैत्रिणींनो, ठाण्याच्या कोर्टातून आत्ताच घरी आलेय. इतका राग आलाय की चहा न टाकताच लिहायला बसलेय.

काशीगावजवळ हायवेवर टेम्पोने माझ्या नवऱ्याला, सुधीरला, उडवलं आणि त्याच्या हाती काठी आली, तेव्हा आमची नात जन्मलीही नव्हती. आज ती शाळेत जाते. नुकसानभरपाईचा दावा मात्र अजून तिथेच आहे.

नातीला शाळेत सोडता यावं म्हणून सुधीरने कळा सोसत व्यायाम केला आणि काठी सोडली. लग्नाआधी उत्तनच्या किनाऱ्यावर माझ्यासोबत चालायचा, तसा ताठ चालायला लागला. पण काल आमचे वकील म्हणाले, "काका, काठी घेऊनच या. नाहीतर समोरचे म्हणतील, माणूस तर ठणठणीत आहे."

आज तो काठी टेकत गेला. समोरचे, म्हणजे टेम्पोच्या विमा कंपनीचे वकील, आलेच नाहीत. पुन्हा पुढची तारीख.

दावा रखडवणारे तेच, आणि तेवढ्यात माणूस सावरला की शंका घेणारेही तेच. तुमच्यापैकी कुणाचा असा दावा निकाली निघालाय का? किती वर्षं लागली?

सोसायटीच्या गेटपाशी सुधीरने हळूच विचारलं, "आता सरळ चालू का गं?"

स्वतःच्या पायांनी चालायला त्याने परवानगी का मागावी?