भुरका

पुण्यातल्या एका नव्या रामेनच्या दुकानात शेजारच्या टेबलावर मायलेकी बसल्या होत्या. आईने नूडल्स कशाबशा काट्याने संपवल्या, मग वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि उरलेल्या गरम सुपाचा सणसणीत भुरका मारला. चार माना वळल्या.

"आई, आवाज नको ना! लोक बघतायत."

"बघू देत. गरम असंच पितात."

मला वाटलं, अख्ख्या दुकानात रामेन कसं खायचं हे या एकट्या बाईलाच कळलंय. हे सूप चिनी आचाऱ्यांबरोबर जपानात आलं, तिथे हातगाड्यांवर दमलेल्या कामगारांचं पोट भरत वाढलं आणि तिथे आजही ते आवाज करतच खातात. मग ते जगभर पसरलं. जगाने सूप तेवढं घेतलं, आवाज दाराबाहेर ठेवला.

माझे बाबा कढीचा असाच भुरका मारायचे. मला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी मीच त्यांना बजावलं होतं, "बाबा, आज आवाज करू नका हं." ते मुकाट्याने चमच्याने जेवले. त्यानंतर घरातही ते कढी चमच्यानेच घेत राहिले, शेवटपर्यंत.

शेजारची मुलगी आता आईच्या हातात चमचा कोंबत होती. मी माझा वाडगा उचलला आणि त्या मुलीच्या डोळ्यांत बघत, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा भुरका मारला.

जीभ भाजली. भाजू दे.